पायाखालचं अंडं

गचके खात चालणाऱ्या गाडीला गॅरेजवाल्याने हातसुद्धा लावला नाही. बॉनेटपाशी कान नेला, च्च केलं आणि म्हणाला, "कॉम्प्रेशन गेलंय, बाई. इंजिनाचं वय झालं, दाब धरत नाही. भंगारात द्या." सासूबाईंनी मान हलवली. शनिवारी दुपारी भंगारवाला येणार, हेही ठरून गेलं.

गाडी गेली की दर बुधवारी बहिणीकडे जाणं बंद होणार होतं. बहीण अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्याकडे जायला ना बस ना रेल्वे. शुक्रवारी जेवणाच्या वेळी सासूबाई बहिणीला फोन करून "पुढचं पुढे बघू गं" म्हणाल्या. समोर बसलेल्या जावयाने हातातला घास ताटात परत ठेवला.

जावई चष्मे बनवणारा. सासऱ्यांनी हयातीत त्याला बॉनेटच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. "तुमचे हात नाजूक, जावईबापू. तुम्ही आपले चष्म्याचे स्क्रू फिरवा," असं म्हणून त्याच्या हातातला पाना काढून घ्यायचे. पण त्याने दुकान उघडलं तेव्हा काचांची बारा खोकी सासूबाईंनीच याच गाडीतून आणून दिली होती. रस्ता सगळा खड्ड्यांचा, तरी एक काच तडकली नव्हती. ते उपकार तो विसरला नव्हता. आणि नुसता कान लावून कुणाला मेलेलं ठरवायचं, ही कुठली रीत? शनिवारी सकाळी त्याने सासऱ्यांची हत्यारांची पेटी उघडली.

कॉम्प्रेशन मोजायचा मीटर तळाशी होता, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला. सोबत सासऱ्यांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी. इंजिन गरम करून बंद करणे. कॉइलची वायर आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढणे. चारही प्लग काढणे. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारणे. काटा दीडशेच्या वर उत्तम, शंभराच्या खाली आशा सोडणे. माणूस गेला, पण शिकवायचं काही सोडलं नव्हतं.

प्लग काढताना त्याची बोटं पोळली. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढा तडा होता. तडे ओळखण्यात त्याची नजर पक्की. हेच दुखणं असेल का, असं वाटून त्याला हुरूप आला. त्याने पहिल्या भोकात मीटरची नळी घट्ट बसवली आणि हाक मारली, "आई, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आता मारा स्टार्टर!"

घर्र, घर्र, घर्र. काटा नव्वदवर थांबला. दुसऱ्याला पंच्याऐंशी, तिसऱ्याला नव्वद, चौथ्याला पुन्हा पंच्याऐंशी.

त्याचं अवसान गळालं. गॅरेजवाल्याचा कान खरा निघाला तर! मग आता आईंना सांगायचं कसं? तो फडक्याला हात पुसत उभा राहिला, उगाच पुसत राहिला. पण मनात एक गोष्ट खटकत होती. चार सिलिंडर, चार भावंडं, एकाच दिवशी, एकसारखी आजारी कशी पडतील? तो दारापाशी गेला आणि खाली वाकला.

सासूबाईंचं पाऊल अॅक्सिलरेटरवर नुसतं टेकलेलं होतं.

"आई, पूर्ण दाबायचं होतं!"

"पूर्णच दाबलंय की. यांनी गाडी शिकवली तेव्हा सांगितलं होतं, पायाखाली अंडं आहे असं समज. बत्तीस वर्षांत एकदाही फुटू दिलं नाही मी."

जावयाला हसावं की रडावं कळेना. त्याची बारा खोकी त्या अंड्यावर बसून आली होती. "आई, पूर्ण दाबलं तरच हवा आत जाते आणि काटा चढतो, इंजिनाला श्वास घेऊ द्यायचाय," तो म्हणाला. "आज फोडा ते अंडं."

सासूबाईंनी चप्पल काढली. दोन्ही पाय अॅक्सिलरेटरवर ठेवले, डोळे मिटले, "माफ करा हं," असं कुणाला तरी पुटपुटल्या आणि पार खालपर्यंत दाबलं.

एकशे साठ. त्याने पुन्हा पाहिलं. मग एकशे पासष्ट, एकशे साठ, एकशे साठ. बत्तीस वर्षं फुलासारखं जपलेलं इंजिन आतून ठणठणीत होतं. आजारी होता तो एकटा प्लग.

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने चार नवे प्लग आणले, वायर आणि फ्यूज जागच्या जागी लावले. गाडी एका दमात सुरू झाली, गचका एकही नाही. सासूबाईंनी आधी भंगारवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, मग बहिणीला बुधवारचं कळवलं.

जावई हत्यारं पुसून पेटीत ठेवू लागला. मीटर त्याने त्याच बनियनमध्ये गुंडाळला. ज्या माणसाने त्याला कधी पाना धरू दिला नाही, त्याचे आज आभार मानावेसे वाटत होते, आणि ते ऐकायला तो नव्हता.

सासूबाई गाडीतून उतरल्या नव्हत्या. चालू इंजिनाचा आवाज ऐकत त्यांनी बाजूच्या रिकाम्या सीटवर हात ठेवला.

"अहो, ऐकलंत का? नाजूक हातांनी बॉनेट उघडलं, म्हणून तुमची गाडी वाचली."