लोंढ्यापर्यंतची बोळवण

आरोही जर्मनीला शिकायला निघाली, तेव्हा कंग्राळीतल्या भावकीनं दोन क्रुझर ठरवल्या. अठरा माणसं तिला गोव्याच्या विमानतळावर सोडायला जाणार होती. आत्या मालुबाईनं तर आठवडाभर आधीच ठेवणीतली साडी काढली. साठ वर्षांत तिनं विमान पाहिलं होतं ते शेतात भांगलताना डोक्यावरून जाणारं, बोटाएवढं.

आणि दोन दिवस राहिले असताना पोरीनं सांगितलं, "गाड्या नकोत. मी रेल्वेनं जाणार. आप्पा तेवढे सोबत येतील."

"का गं?" तिच्या वडिलांनी, जोतिबानं विचारलं.

"विमानाचा धूर तर चुकत न्हाय, आप्पा. त्यात मला सोडायला आणखी दोन गाड्यांचं डिझेल कशाला जाळायचं? रेल्वे रोज जातीयाच की. तिकडं मी हेच शिकायला चाललीया."

मालुबाईनं साडी परत ट्रंकेत ठेवली.

"मग लोंढ्यापर्यंत आम्ही पण रेल्वेनंच येतो," चुलता भरमा म्हणाला. याला काही आरोहीला नाही म्हणता येईना.

लोंढ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर सतरंजी टाकून सगळे जेवायला बसले. आरोहीच्या हट्टापायी ताटल्या, पेले सगळं घरचं स्टीलचं. मालुबाई वाढत होती, पण आरोहीकडं न बघता.

"आत्या, रागावलीस?"

"रागावू कशाला? विमान बघायचं ऱ्हायलं, एवढंच."

आरोहीचा घास हातातच राहिला. आपण सगळा हिशेब धुराचा केला, आत्याचं विमान मनातच आलं नाही. ती उठली, तडक तिकिटाच्या खिडकीवर गेली आणि जनरलचं आणखी एक तिकीट घेऊन आली.

"चल."

"ह्या साडीवर? आणि म्हशीची धार?"

"मी काढतो," भरमा म्हणाला. "जा तू, आक्का."

घाटात खिडकीतून धबधबा दिसला तोवर मालुबाईनं डब्यातल्या निम्म्या बायकांना, काहींना मराठीत, काहींना कानडीत, भाची कुठं निघाली ते सांगून टाकलं होतं.

विमानतळाच्या दाराशी आरोही रडली. मालुबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले. "शिक भरपूर. पण उपाशी राहून वाळू नकोस."

ती आत गेल्यावर बहीणभाऊ बाहेर कुंपणाजवळ उभे राहिले. बऱ्याच वेळानं एक विमान धडधडत वर चढलं.

"हेच रं आपल्या पोरीचं?"

जोतिबाला ठाऊक नव्हतं. "व्हय," तो म्हणाला.

मालुबाईनं दिसेनासं होईपर्यंत हात हलवला. मग, चुकायला नको म्हणून, पुढच्या दोन विमानांनाही हलवला.