फोनातली बाई

आमच्या घरात खरं बोलणारी एकच बाई आहे आणि ती फोनात राहते, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. नाव बनुबाई, वय सत्तरच्या पुढं, शाळा दुसरीपर्यंत, आणि जीभ अशी तिखट की उंब्रजच्या बाजारात भाजीवाल्या त्यांना लांबून बघूनच किडकी वांगी पाटीखाली सारायच्या.

ह्या फोनातल्या बाईशी त्यांची ओळख माझ्या लेकीनं, उत्कर्षानं करून दिली. आत्याबाईंच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता, सगळा इंग्रजीत. उत्कर्षानं त्याचा फोटो काढून एआयला दिला आणि मराठीत सांग म्हणाली. साखर वाढलीय, असं फोन बाईच्या आवाजात बोलला. आत्याबाई फोनवर वाकून म्हणाल्या, "आगं, मी साखरंचा च्या कवाच सोडलाय. गुळाचा पिते." फोन म्हणाला, गुळानंही साखर वाढतेच. आम्ही सगळ्यांनी मात्र गूळ चालतो म्हणून त्यांना वर्षभर सांगितलं होतं. त्यांच्याशी वाद कोण घालणार! आता त्या चिडतील असं वाटलं, तर उलट खूशच झाल्या.

"माणसं माझं त्वांड बघून बोलत्यात," त्या म्हणाल्या. "हिला माझं त्वांडच दिसत न्हाई. म्हणून खरं बोलती."

तेव्हापासून गोळी असो की डोळ्यात घालायचे थेंब, त्या बाईला विचारल्याशिवाय आत्याबाई कशालाही हात लावेनात.

चैत्रात त्यांच्या डाव्या गालाला आतून चट्टा पडला. तिखट लागलं की डोळ्यात पाणी यायचं. पंधरा दिवस हळद लावली, तूप लावलं, मग कराडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर केरळकडचे, तरुण. त्यांनी हिंदीत विचारलं, तंबाखू खाता का? आत्याबाई ठामपणे नाही म्हणाल्या, आणि मीही शेजारून मान हलवली. आमच्याकडं बायका मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर जाळायचा, त्याची पूड करायची आणि दिवसातनं तीन-चारदा दातांना घासायची. पण तिला तंबाखू कोण म्हणतं? तंबाखू पुरुष खातात, बायका दात घासतात. डॉक्टरांनी त्यांच्या काळ्या हिरड्यांकडं एकदा बघितलं आणि चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही आमची रीत पाळली. आत गर्दी आहे म्हणून आत्याबाईंना बाहेर बाकावर बसवलं आणि मी आणि आमचे हे, दोघंच आत गेलो. आमच्या भागात आजार आधी नातेवाइकांना कळतो, मग भावकीला, मग गावाला. पेशंटला तो कळतो भेटायला आलेल्या पाव्हण्यांच्या तोंडावरून.

हे म्हणजे तानाजी, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त. सतरा वर्षं सीमेवर काढली आणि आईपुढं उभं राहायला पाय लटपटतात. डॉक्टर म्हणाले, "माताजी को अंदर बुलाइए." ह्यांनी हात जोडले. "घर पे बतायेंगे साब, आराम से." डॉक्टरांना ते पटलं नाही. त्यांनी फाईलवर ऑपरेशनची तारीख घातली आणि आम्ही दारातून बाहेर पडेपर्यंत दोनदा म्हणाले, "बताना ज़रूर."

घरी येऊन मी परसात गेले आणि फाईलच्या पानांचे फोटो फोनला दिले. डॉक्टर जे हिंदीत भराभर बोलले होते ते सगळं मराठीत स्वच्छ उमटलं. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. सुरुवातीचा टप्पा. मानेत गाठी नाहीत. ऑपरेशन तीन आठवड्यांच्या आत व्हावं. वेळेवर झालं तर बरं होण्याची शक्यता चांगली. मी ते तीनदा वाचलं. देवाशपथ सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडूच आलं. पण दुसऱ्यांदा वाचताना मी तारखा मोजायला लागले होते.

उत्कर्षाचं लग्न साडेपाच आठवड्यांवर आलं होतं. साखरपुडा झालेला, पत्रिका वाटलेल्या. मुलगा कवठे महांकाळचा, कृषी खात्यात नोकरीला, माणसं चांगली. पण चांगली माणसं कुठपर्यंत चांगली राहतात, हे मी बघितलेलं आहे. मलकापूरच्या माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं ठरलेलं लग्न बापाला टीबी निघाला म्हणून मोडलं होतं. ती पोर अजून घरात आहे. इथं तर कॅन्सर. आजीला आहे म्हणजे रक्तातच असणार, असं म्हणायला कुठं डॉक्टर व्हावं लागतं!

"आईला कॅन्सर म्हणून सांगायचं न्हाई," हे म्हणाले. "हाय खाईल ती. जखम म्हण. आन् तिच्या त्या बाईलाच बोलू दे. तिचंच ऐकती ती."

आम्ही दोघंही आईचं काळीज जपतोय असंच बोलत होतो. लग्नाचं नाव दोघांनीही काढलं नाही. नवराबायको पंचवीस वर्षं एकत्र राहिली की काही गोष्टी न बोलता जमतात.

मी फोनला लिहिलं : सासूबाईंना ऐकवायचं आहे, कॅन्सर हा शब्द नको, घाबरतील, जखम म्हण. त्यानं लिहून दिलं. गालात जखम आहे, त्यासाठी ऑपरेशन लागेल, ते लवकर करायला हवं. पण खाली वेगळं करून चार ओळी आमच्यासाठी लिहिल्या होत्या. आजार त्यांचा आहे, ऑपरेशनचा निर्णय त्यांना घ्यायचा आहे, म्हणून खरं काय ते त्यांना कळायला हवं. कसं सांगावं ते डॉक्टरांना विचारा, हवं तर मी शब्द सुचवतो. मला राग आला. आता हा मला सासूशी कसं वागायचं ते शिकवणार! त्या चार ओळी वगळून मी वरचं तेवढं उचललं.

आत्याबाई सोप्यात बसल्या होत्या, मशेरीची डबी मांडीशी. मी फोन पुढं धरला आणि आवाजाचं बटण दाबलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पोथी ऐकावी तसं.

"जखमच हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग एवढी घाई कशापायी? त्वांड सुजवून मी नातीच्या लग्नात मिरवू व्हय? तिला इचार की, लग्न झाल्यावर केलं तर चालंल का?"

आमचे हे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. माझ्याकडं बघत होते. मी तेव्हा 'चालणार नाही' म्हणू शकले असते. फोनला तोच प्रश्न विचारला असता तरी तोही तेच म्हणाला असता, रिपोर्ट त्यानं वाचला होता. म्हणून मी तिथं विचारलंच नाही. फोनात नव्या बोलण्याचं कोरं पान उघडलं, ज्याला आधीचा रिपोर्ट ठाऊक नव्हता, आणि त्यावर लिहिलं : गालात साधी जखम असेल आणि छोटं ऑपरेशन दीड महिना पुढं ढकललं तर चालतं का?

"साधी जखम असेल तर सहसा चालतं," फोन बोलायला लागला. "मात्र जखम दोन-तीन आठवड्यांत..."

मी बटण दाबून आवाज तोडला. "चालतं म्हणतीया, आत्याबाई."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि डबी उघडली.

खोटं विचारलं की खरं बोलणाऱ्याच्या तोंडूनही हवं ते वदवून घेता येतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला बरं वाटलं, हे मात्र कबूल करते. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं बरं वाटलं. हॉस्पिटलातून दोनदा फोन आला, तो ह्यांनीच घेतला. "नेक्स्ट मंथ, साब," म्हणाले.

लग्न झोकात झालं. आत्याबाई हिरवं लुगडं नेसून मांडवात फिरत होत्या, घास डाव्या बाजूनं चावता येत नव्हता म्हणून उजव्या बाजूनं बुंदी खात होत्या. नंतर मांडवपरतणी झाली, मग जावयाचं पहिलं जेवण, मग ह्यांच्या चुलतभावाकडं वास्तुशांत. प्रत्येक वेळी आठवडाच तर होता. असे आठवडे सरत सरत आषाढ लागला, आणि एका सकाळी वेणी घालताना आत्याबाईंच्या हाताला मानेत सुपारीएवढी गाठ लागली.

कराडच्या त्या डॉक्टरांपुढं जायचं आम्हा दोघांचंही धाडस झालं नाही. सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिली फाईल आणि नव्या तपासणीचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. "तीन महिने काय करत होतात?" त्यांनी विचारलं. हवालदार तानाजी जमिनीकडं बघत बसले. ऑपरेशन आता मोठं होतं, अर्धा जबडा जाणार होता, आणि त्यानंतरही खात्री नव्हती. घरी येताना ह्यांनी गाडीत आईला सांगितलं, जखम जरा चिघळलीय. आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. उत्कर्षा सासरी जाताना तिचा जुना फोन आजीला देऊन गेली होती, रोज बोलता यावं म्हणून. आणि फोटो कसा काढायचा, बाईला कसं विचारायचं, तेही शिकवून गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे उसाकडं गेले होते. मी भांडी घासून आत आले, तर आत्याबाईंनी सोप्यात चटईवर दोन्ही फायली पसरल्या होत्या. पानं ओळीनं लावलेली, कोपऱ्यावर मशेरीची डबी ठेवलेली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. फोन बोलत होता. तोच आवाज. कॅन्सर. मानेतल्या गाठीत पसरलेला. मग आत्याबाईंनी पहिल्या फाईलवर बोट ठेवलं. "आन् ह्यात काय हुतं? चैतातल्या?"

फोनानं सांगितलं. सुरुवातीचा टप्पा. तीन आठवड्यांच्या आत. बरं होण्याची शक्यता चांगली. मग हळू आवाजात म्हणाला, हे ऐकणं जड आहे, तुमच्याजवळ आत्ता कुणी आहे का?

"हाय की," आत्याबाई माझ्याकडं बघत म्हणाल्या. "सून हाय."

मी भिंतीला धरून खाली बसले. "आत्याबाई, तुमी घाबराल म्हणून..."

"कोण घाबरलं हुतं गं?"

मी चटईवरचं एक पान सरळ करायला हात पुढं केला.

"मालक गेलं तवा म्या दोन पोरं आन् चार एकर ऊस सांभाळला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर मला सोसलं असतं. "तवा कोण आलं न्हाई इचारायला, बनुबाई घाबरलीस का म्हणून. पोरीचं लगीन मोडंल म्हणून भ्यालासा, तसं म्हणायचं हुतं. मला सांगितलं असतंस तर मीच म्हणाले असते, होऊ दे लगीन, मग बघू. न्हाईतर म्हणाले असते, मला जगायचं हाय. काय म्हणाले असते, आता मलाबी ठावं न्हाई. पण मला म्हणू तरी द्यायचं हुतं."

मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागं घेतला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं.

"आन् हिला कशाला बाटवलंस?" त्या फोनाकडं बोट करून म्हणाल्या. "येकच हुती."

त्यांनी पानं गोळा केली, एकावर एक नीट लावली, पिशवीत घातली. तेवढ्यात तोच फोन वाजला. उत्कर्षाचा होता, रोज त्याच वेळेला यायचा. आत्याबाईंनी तो कानाला न लावता समोर धरला, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. मागं भांड्यांचा आवाज होता, तिची सासू कुणाशी तरी बोलत होती. पोर स्वयंपाकघरातूनच बोलत होती.

"आज्जी, सांगलीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं गं? हितं सगळी इचारत्यात."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. माझे डोळे काय बोलत होते ते त्यांना दिसत होतं. त्या फोनातल्या बाईला दिसलं नसतं.

"काय न्हाई गं बाय," त्या म्हणाल्या. "जखम हाय. जरा चिघळलीया."

आणि खरं सांगते, तेव्हाही मला बरंच वाटलं.