थांबलं चाक, पाच

मी एक जुना चिमटा आहे.

मित्रांनो, रीतीप्रमाणे आता मी तुम्हाला सांगायला हवं, की मी कारखान्यात जन्मलो, पुष्कळ सेवा केली, मग लोक मला विसरले, म्हणून तुम्ही वस्तू जपून वापरा. एवढं सांगितलं की माझी सुटका आणि तुमचीही. पण मी ते तसं सांगणार नाही. मला राग आलेला आहे. रागावलेल्याने ओळीत चालावं अशी अपेक्षा करू नका.

तरी जन्म सांगून टाकतो. मी स्वयंपाकघरातला चिमटा नव्हे. मी बसच्या कंडक्टरचा. दोन जबडे, मध्ये स्प्रिंग, वरच्या जबड्याला एक दात. दात कागदातून आरपार गेला की टिकलीएवढा तुकडा खाली पडतो. टक्. बसमध्ये मी अठ्ठावीस वर्षं काढली. मग तिकिटं यंत्रातून छापून यायला लागली. कंडक्टर निवृत्त होऊन घरी आला आणि त्याच्या खिशातून मीही आलो.

इथे माझी गोष्ट संपायची. पण कंडक्टरच्या लेकीला एक वेड लागलं.

लेक वेल्डर आहे. जिने, फाटकं, गच्चीचे कठडे करते. एका रविवारी तिने अंगणात एक मोटारसायकल आणून उभी केली. कंडक्टर गाडीभोवती दोनदा फिरला.

"अगं, हिला सीट कुठंय?"

"बसायचंच नाही, बाबा. उभं राहूनच चालवायची."

"अठ्ठावीस वर्षं मी बसमध्ये उभा होतो. मला नाही कुणी बक्षीस दिलं!"

खेळ

या खेळात वेगाला काही किंमत नाही. हे आधी डोक्यात घट्ट बसवा. टेकडीवर दहा अवघड जागा निवडतात. कुठे ओल्या दगडांची उतरण, कुठे ओढ्याचं पात्र, कुठे झाडांच्या मुळांची गुंतागुंत. प्रत्येक जागा दोरीने आखतात, तिला टप्पा म्हणतात. स्वाराने पाय जमिनीला न टेकवता गाडी टप्प्यातून बाहेर काढायची. पाय एकदा टेकला, एक दंडगुण. दोनदा टेकला, दोन. त्याहून जास्त कितीही, तीन. पडला किंवा दोरीबाहेर गेला, पाच. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो जिंकला.

प्रत्येक टप्प्यावर एक निरीक्षक उभा असतो. स्वाराच्या गळ्यात कार्ड, निरीक्षकाच्या हातात भोक पाडायला काहीतरी. कार्डावरची एक ओळ अशी दिसते:

टप्पा ७ :  ०  १  २  ३  ५

निरीक्षक योग्य आकड्यावर भोक पाडतो. एका ओळीत एकच भोक. दोन पडली तर ते कार्ड रद्द, आणि कार्ड रद्द झालं तर त्या स्वाराने स्पर्धा पुरी केली असं धरत नाहीत. हा एकच नियम मी कधी बदललेला पाहिला नाही.

खेळ सुरू करणारा माणूस गिरणीतला फोरमन होता. त्याने लेकीबरोबर आलेल्या कंडक्टरला विचारलं, "काका, भोकं पाडता येतील का?"

कंडक्टरने खिशातून मला काढलं. फोरमनने मला सलाम ठोकला आणि म्हणाला, "सातवा टप्पा तुमचा."

सातवा म्हणजे मुळांचा ओढा. त्या वर्षी चौऱ्याऐंशी स्वार होते. तीन फेऱ्या म्हणजे सातव्यावर माझे दोनशे बावन्न ठोके. संध्याकाळी कंडक्टरच्या बुटाभोवती टिकल्यांचा सडा पडला होता. फोरमन सगळ्यांदेखत म्हणाला, "नऊ टप्प्यांवर भांडणं झाली, सातव्यावर एक नाही. कंडक्टरचा हात पडला की पडला." मित्रांनो, लोखंडाला ऊर भरून येत नाही म्हणतात. म्हणोत बापडे.

दुरुस्त्या

मूळ नियमात थांबायला मोकळीक होती. मुळापाशी आलात, चाक थांबवलं, पाय न टेकवता तोल धरला, पुढचा विचार केला, निघालात. पाहणाऱ्याचा श्वास तिथेच अडकायचा.

मग या खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाचे साहेब आले. सगळे त्यांना नियमवाले साहेब म्हणत. त्यांच्या बुटांना मी कधी चिखल पाहिला नाही.

दुरुस्ती: थांबाल तर एक.

दुरुस्तीची दुरुस्ती: थांबाल तर पाच.

तिचीही दुरुस्ती: खुशाल थांबा, पण टप्पा नव्वद सेकंदांत संपवा. (निरीक्षकाला शिट्टी. निरीक्षकाला घड्याळ. निरीक्षकाला तिसरा हात मात्र कुणी दिला नाही.)

पुन्हा: थांबाल तर एक.

पुन्हा: थांबाल तर पाच.

हे सगळं नऊ वर्षांत. प्रत्येक वेळी एक चकचकीत पुस्तिका यायची आणि पहिल्या पानावर लिहिलेलं असायचं, की या बदलाने खेळ सोपा होईल आणि लोक वाढतील.

काय वाढलं ते मी सांगतो. वाद वाढले. थांबलं म्हणजे किती थांबलं? पापणी लवेपर्यंत? चाक थांबलं पण हँडल हललं तर? स्वार हेल्मेट काढून निरीक्षकाच्या तोंडावर ओरडायला लागले. तिसऱ्या टप्प्यावर दातांचे डॉक्टर उभे राहायचे. ते म्हणाले, "दवाखान्यात मी लोकांना तोंड उघडायला सांगतो. इथे न सांगताच उघडतात, आणि काय काय ऐकवतात!" पुढच्या वर्षी ते आले नाहीत. नवव्यावरची टपालवाली गेली. मोकळीक मिळाली तेव्हा पोरं दगडावरून दगडावर उड्या मारायला लागली, म्हणून दगड मोठे केले. मोठे दगड बघून वयस्कर मंडळी गेली. मोकळीक काढून घेतली तेव्हा पोरंही गेली.

चौऱ्याऐंशी.
एकसष्ट.
चाळीस.
बावीस.

(फोरमन या आकड्याच्या वर्षी वारला. त्याला पुढचे आकडे बघावे लागले नाहीत.)

चौदा.

तेव्हा साहेबांनी आणखी एक पुस्तिका आणली. बारापेक्षा कमी स्वारांनी स्पर्धा पुरी केली, तर ती टेकडी यादीतून बाद. टेकडीची परवानगी मंडळाच्या नावावर. यादीतून नाव गेलं की परवानगी गेली, आणि परवानगी गेली की तिथे मोटारसायकल नेणं गुन्हा.

घर पेटवायचं आणि मग म्हणायचं, इथे कुणी राहत कसं नाही!

बारा

त्या वर्षी लेकीने दारोदार फिरून स्वार गोळा केले. अकरावी ती स्वतः. बारावा मिळेना. शेवटी तिने त्रेसष्ट वर्षांच्या शिंपीकाकांना त्यांच्या दुकानात गाठलं.

"काका, नुसतं पुरं करायचंय. पडलात तरी चालेल, पाचच मिळतील."

"माझी कंबर गेली म्हणजे कोण शिवणार गं या पँटी? तू वेल्डिंग करून देणार?"

पण ते आले. त्यांची गाडी त्यांच्या शिलाई यंत्रापेक्षा थोडीच जोरात आवाज करायची.

दोन फेऱ्या पार पडल्या. बाराच्या बारा टिकून. तिसरी, शेवटची. सातव्या टप्प्यावर आधी लेक आली. मागे दोरीपाशी शिंपीकाका गाडी धरून नंबराची वाट बघत होते. बाकी कुणी नाही. पूर्वी इथे पोरं झाडावर चढून बघायची.

लेक मुळांत शिरली. पुढचं चाक जाड मुळाला भिडलं आणि थांबलं. तिने तोल धरला. एक श्वास. पाय जागचा हलला नाही. मग तिने गाडी उचलून मुळावर घेतली आणि बाहेर पडली. इतकं सुंदर मी त्या दिवशी दुसरं काही पाहिलं नव्हतं.

कंडक्टरने कार्ड हातात घेतलं.

टक्.

टप्पा ७ :  ०  ●  २  ३  ५

लेकीने कार्ड बघितलं. हेल्मेटची काच वर केली.

"बाबा, मी थांबले होते."

"हो. थांबलीस, म्हणून एक."

"एक मागच्या वर्षी होता."

कंडक्टरचा हात गार पडला. मला कळलं, मी त्याच हातात होतो. पाच पुस्तिका त्याने पाठ केल्या होत्या, आणि हाताने त्यांतली चुकीची उघडली होती.

दोरीपलीकडून शिंपीकाका म्हणाले, "माझा चष्मा धुरकटलाय बरं का. मी काहीच पाहिलेलं नाही."

"काका, तुम्ही गप्प बसा," लेक म्हणाली.

"बसू कुठे? सीट कुठंय?"

कंडक्टर हळू आवाजात म्हणाला, "राहू दे तो एक. पाचावर मारलं तर ओळीत दोन भोकं होतील. कार्ड जाईल. बाराच कार्डं आहेत, बये."

"माहितीये."

"टेकडी जाईल."

"आणि राहू दिला तर तुम्ही जाल. उद्या कुणीही म्हणेल, कंडक्टरने लेकीला सोडलं."

"म्हणू दे की!"

हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. सख्ख्या भावाला विनातिकीट दिसला म्हणून बसमधून उतरवणारा माणूस तो. लेकीने हातमोजा काढून तळवा पुढे केला. "द्या तो चिमटा. मी मारते."

"नाही," कंडक्टर म्हणाला. "सातव्यावर भोक पाडायचं तर माझ्याच हाताने."

मित्रांनो, मी जबडा मिटू नये म्हणून रोखून धरला होता. खरंच सांगतो. स्प्रिंग कुरकुरली. पण चिमट्याला स्वतःचा हात नसतो.

टक्.

टप्पा ७ :  ०  ●  २  ३  ●

लेकीने कार्ड गळ्यात नीट सरळ केलं आणि आठव्याकडे निघाली. उरलेले तिन्ही टप्पे तिने पाय न टेकवता पार केले. रद्द कार्डावर. कुणाला दाखवायला, ते तिला विचारा.

निकाल

साहेब ताडपत्रीखाली खुर्चीवर बसून कार्डं मोजत होते. "अकरा," ते म्हणाले.

कंडक्टर पुढे झाला. "साहेब, पोरीने स्पर्धा पुरी केलीय. चूक माझी आहे. निरीक्षकाची चूक स्वाराच्या माथी कशाला? तिला पाच धरा आणि कार्ड चालू द्या."

"तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं, काका. पण दोन भोकं म्हणजे दोन भोकं." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. आणि मग, माणूस निघता निघता हवापाण्याबद्दल बोलतो ना, तसं म्हणाले, "तसंही पुढच्या वर्षी थांबायला पुन्हा मोकळीक देतोय आपण. ठराव झालाय."

"कधी?" लेकीने विचारलं.

"मागच्या महिन्यात."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, की हा पाच चुकीचा आहे."

"चुकीचा कसा? आज आजचा नियम."

लेक हसली. मला ते हसू आवडलं नाही. कंडक्टर मात्र हसला नाही. अठ्ठावीस वर्षं 'पुढे सरका' याहून वरच्या पट्टीत न बोललेला माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज ओढ्यापलीकडे गेला.

"साहेब, तुमच्या मंडळाच्या सभेला किती माणसं बसतात?"

"एकोणीस. का?"

"आणि इथे स्वार अकरा! खेळणाऱ्यांपेक्षा नियम करणारे जास्त झाले, कळतंय का तुम्हाला? एकोणिसातला एक तरी कधी त्या ओढ्यात उभा राहिला? तासभर? शिव्या खात?"

"काका, आवाज खाली करा."

"टेकडी गेल्यावर कुणासाठी खाली करू?"

साहेबांनी अकरा लिहिलं. खाली सही केली. शिंपीकाकांनी साहेबांच्या टेबलाला टेकवलेली आपली गाडी उचलली, ती जरा जास्तच जोरात. टेबल हललं आणि शाईची बाटली सांडली. "माफ करा हं," शिंपीकाका म्हणाले, "तोल गेला."

आता

टेकडीच्या वाटेवर आता फाटक आहे. मंडळाने ते लेकीकडेच करायला दिलं होतं, स्वस्तात करेल म्हणून. तिने नाही म्हटलं. दुसऱ्या कुणीतरी केलं. वेल्डिंग वाईट आहे.

गेल्या आठवड्यात नवी पुस्तिका टपालाने घरी आली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, की थांबायला मोकळीक, खेळ सोपा होईल, लोक वाढतील. सोबत पत्र होतं: निरीक्षकांची तीव्र टंचाई आहे, दुसऱ्या टेकडीवर येऊ शकाल का?

कंडक्टर उंबऱ्यावर बसला. त्याने मला खिशातून काढलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. टक्. टक्. टक्. ओळीमागून ओळ. लेक कामावरून आली तेव्हा त्याचे पाय टिकल्यांत बुडाले होते.

"बाबा, काय करताय?"

"नियम वाचतोय."

ती शेजारी बसली आणि त्याला पानं उलटून द्यायला लागली.

चकचकीत कागद जाड असतो. माझा दात बोथट झाला. आता माझ्याने साधं तिकीटही फुटणार नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. मला पुसू नका, तेल घालू नका, कपाटात मांडू नका. जपायचंच असेल तर दुसरं काही जपा. तुम्ही जो खेळ खेळता, त्याच्या कडेला कुणीतरी उन्हात उभं असतं. त्याला बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. त्याचा निर्णय पटला नाही तर विचारा, भांडा हवं तर, पण त्याच्या तोंडावर ओरडू नका. एक दिवस त्याच्या जागी जाऊन उभे राहा. आणि पुढे मोठे होऊन नियम लिहायला बसलात, तर आधी त्या माणसाला हाक मारा आणि विचारा, मग लिहा. तो कंटाळून घरी गेला, की त्याच्या मागोमाग सगळे जातात. मी मोजलेत.

एवढं तुम्ही केलंत तरी माझी टेकडी परत येणार नाही. म्हणून मला समजावायला येऊ नका. मी रागावलेलाच राहणार आहे.