निवांत बारव

अनुपमा माझी डी.एड.ची मैत्रीण. पुण्यातल्या एका पेपरात ती 'गर्दीपासून दूर' नावाचं सदर लिहायची. सिंहगडावर पाय ठेवायला जागा नाही, शनिवारवाड्यात नुसती डोकी दिसतात, म्हणून तिच्या वाचकांना एका दिवसात जाऊन येण्याजोग्या निवांत जागा हव्या असत. २००५च्या जानेवारीत ती निमोण्याच्या पुढे आमच्या गावी आली, आणि मी अक्कल गहाण ठेवून तिला आमची बारव दाखवली.

बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. ती आमच्या बौद्धवस्तीच्या खाली आहे. वरच्या आळीतल्या माणसांनी तिचं पाणी कधी ओंजळीत घेतलं नाही, कारण हापसा येईपर्यंत ते आम्ही पीत होतो. एका दुष्काळात ती आटली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी, चांगुणाबाईंनी, वस्तीतल्या बायांना घेऊन तिचा गाळ काढला. पायरीवर बसून मी हे सगळं अनुपमाला सांगितलं. ती डोळे मिटून म्हणत होती, "किती शांत आहे गं, करुणा!"

दुपारचे दोन वाजले होते. बाया कांदा खुरपायला गेल्या होत्या. शांत असणार नाही तर काय?

पेपरात छापून आलं ते असं: इथे पेशव्यांचे घोडे पाणी पीत, इथे काळ थांबला आहे, आणि गावकऱ्यांनी हा ठेवा प्राणपणाने जपला आहे. वस्तीचं नाव कुठेच नव्हतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

"घोडं?" सासूबाई म्हणाल्या. "म्या पार तळापस्तोर गाळ काढलाय. नाल सोड, लीदबी घावली न्हाई."

पुढच्या रविवारी सहा गाड्या आल्या. काळ थांबलेला बघायला आलेली माणसं वेफर्सची पाकिटं पायऱ्यांवर टाकून गेली. सासूबाई कपडे धूत होत्या, तर गॉगलवाली एक बाई त्यांना म्हणाली, "आजी, जरा बाजूला व्हाल? फोटोत येताय." सासूबाई भाबडेपणाने बाजूला झाल्या. त्याचा राग त्यांना रात्री जेवताना आला.

सोमवारी सरपंच सावळारामआप्पा वस्तीवर आले. बारवेकडे उतरायची त्यांची ही पहिलीच खेप, त्यामुळे पायरीवर घसरले.

"चांगुणाबाई, रविवारी हितं धुणं बंद करा," ते म्हणाले. "पुण्याची माणसं येत्यात. गावाचं नाव व्हायला लागलंय."

"मंग धुवायचं कुठं, आप्पा? तुमच्या हिरीवर येऊ?"

आप्पा खाकरले. "एक दिसाचा तर प्रश्न हाय," असं काहीबाही बोलून ते वर निघून गेले.

त्या आठवड्यात सासूबाई घरोघर फिरल्या. कुशाबाई, गिताबाई, अनसाबाई, सगळ्यांना एकच सांगत होत्या, "येत्या रविवारी गोधड्या काढा. साऱ्या."

रविवारी सकाळी पंधरा बाया बारवेत उतरल्या. मीही उतरले. आप्पांनी वरती झेंडूचं तोरण बांधलं होतं, आणि त्यांचा पुतण्या पोपट थंड पेयांच्या बाटल्या मांडून बसला होता. गाड्या आल्या तेव्हा आमची धोपाटणी चालू होती. दगडी बारव ती, एक दणका चारदा घुमत होता. गोधड्यांचं काळं पाणी पायऱ्यांवरून वाहत होतं. कानाला हात लावून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, आम्ही शांततेसाठी आलोय!"

"मंग घरी का न्हाई बसला?" गिताबाईंनी विचारलं.

आप्पा काठावरून ओरडायला लागले. सासूबाईंनी भिजलेल्या गोधडीचं एक टोक वर केलं. "आप्पा, या की खाली. पिळायला दुसरा मानूस लागतो." बाया हसल्या. पुण्याची माणसंही हसली, तेव्हा मात्र आप्पा गेले.

तासाभरात गाड्या निघून गेल्या. त्यानंतरच्या रविवारी दोनच आल्या, मग एकही नाही.

महिन्याभराने, मी वर्गात असताना अनुपमाचा फोन आला. तिच्या वाचकांनी तक्रारीची पत्रं पाठवली होती. तिचा आवाज दुखावलेला होता, जणू बारव आम्ही तिच्याकडून उसनी घेऊन बिघडवून परत केली होती.

"दुसरी एखादी शांत जागा सुचव ना," ती म्हणाली.

"ठाऊक नाही."

चौथीची पोरं बाराचा पाढा म्हणत होती.

"तुझ्या मागे कसला गं एवढा गोंगाट?" तिने विचारलं. मी फोन ठेवला आणि पोरांना पाढा पहिल्यापासून म्हणायला सांगितला, मोठ्याने.