खरखरीत माल

प्रेमात पडलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं हे मान्य, पण आपल्या फरशीवाल्याचं ते पार गावाला गेलं होतं. शेजारच्या फर्निचर कारखान्यातल्या पॉलिशवालीला आज लग्नाचं विचारायचंच, असं त्याने ठरवलं. आणि निघण्याआधी पॉलिश पेपरने स्वतःचे तळहात घासून काढले!

झालं असं, की आदल्या दिवशी ती सुतारावर ओरडली होती, "असला खरखरीत माल माझ्याकडे आणूच नका!" ती बोलली फळीला, लागलं याला. सिमेंटने खाल्लेले त्याचे हात असे, की नुसते लागले तरी घरी बहिणीच्या ओढणीचे धागे निघत. मग काय, पेपर झाला, वर तेल झालं. तळहात लालबुंद आणि लोण्यासारखे मऊ! स्वारी हवेतच चालत कारखान्यात पोचली.

ती डोळे मिटून टेबलावर बोटं फिरवत होती. डोळ्यांना न दिसणारी कुसळं तिच्या बोटांना सापडत, आणि सापडली की सुताराची धडगत नसे.

"बघा बरं, झालंय का गुळगुळीत?" तिने विचारलं.

त्याने ऐटीत तळहात टेकवला.

"नुसता ठेवून काय कळणार? फिरवा की! हात हलला तरच कळतं."

त्याने फिरवला. "आई गं!"

सोललेली कातडी त्या गुळगुळीत लाकडावरही झोंबली. तिने त्याचा हात उलटा केला, त्यावरून अंगठा फिरवला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय करून घेतलंत?"

विचारायचं की पळायचं? त्याच्या तोंडून सगळं एकदमच सांडलं, "तुम्हाला खरखरीत चालत नाही ना, म्हणून घासले. माझ्याशी लग्न कराल?"

सुताराचा रंधा थांबला. तिला हसू फुटलं ते आवरेचना; पोट धरून ती भुशातच बसली. इकडे याचा जीव टांगणीला, आणि ही हसतेय!

"अरे वेड्या," ती डोळे पुसत म्हणाली. 'अहो'चं 'अरे' झालेलं ऐकूनच तो गार पडला. "दिवसभर मी गुळगुळीतच करत असते. घरी तरी हाताला काहीतरी लागू दे! हात होते तसे करून आण, मग बाबांना भेटायला ये."

तो धावत कामावर गेला आणि कालवलेल्या सिमेंटच्या घमेल्यात दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसले. ब्रह्मांड आठवलं! पण ओरडतानासुद्धा गडी हसतच होता.