मणी होल्डवर आहे

चेन्नईजवळ ओरगडमला ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीत आहे; या कामात माझी एकोणीस वर्षं झाली. मी पास केलेला एकही भाग आजवर परत आलेला नाही, हे मी पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगतो. त्यामागचं गुपित मात्र सांगत नाही. जरा शंका आली की मी पिवळा टॅग लावून मोकळा होतो. पिवळा म्हणजे होल्ड. होल्डवरच्या मालाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि मीही सहसा लावत नाही.

घरी टॅगऐवजी मी 'पाहू' म्हणतो. माझ्या मुलीने, अदितीने, तिसरीत सायकल मागितली. मी ब्रेक, वेल्डिंग, टायरचं रबर अशी चौकशी करत बसलो. सायकल आली तेव्हा पोरीचे गुडघे हँडलला आपटायला लागले होते. त्यानंतर तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही. मुलगी फार समजूतदार आहे, हेही मी पाहुण्यांना सांगत असे.

यंदा सातवीत गेल्यावर तिने पुन्हा मागितलं. कुत्रा हवा होता.

मागच्या पावसाळ्यात वेलचेरीत आमच्याच भागात पाणी भरलं, तेव्हा एका इमारतीच्या जिन्यात अडकलेला सापडला होता तो. तपकिरी, डावा कान अर्धा, नाव मणी. प्राण्यांच्या निवाऱ्यात होता. शनिवारी आम्ही तिघं बघायला गेलो. अदितीने जाळीतून बोटं घातली, तमिळमध्ये काहीतरी पुटपुटली आणि मणी तिच्या बोटांवर हनुवटी टेकून बसला. अकरा वर्षं चेन्नईत राहून माझं तमिळ 'पोदुम'च्या पुढे गेलेलं नाही, आणि तेही सांबार वाढणाऱ्याला थांबवण्यापुरतं. म्हणजे या कुत्र्याला घरात सगळ्यांचं समजणार, फक्त माझं नाही. हा पहिला दोष मी मनात टिपला.

मग मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडलं. मणी काही केल्या भुंकेना. ॲप बिघडलंय की काय म्हणून मी स्वतःच भुंकून पाहिलं. ॲप ठीक होतं. नीलम, माझी बायको, तोवर फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली होती.

"बाबा, घ्यायचा ना?" अदितीने विचारलं.

"पाहू," मी म्हणालो. "फॉर्म भर तू. त्यांचं कुणी घर बघायला येऊन जाऊ दे. मग ठरवू."

पण तोवर दुसऱ्या कुणी नेला तर? मीही काही दगड नाही. बॅगेत नेहमीप्रमाणे टॅग होते. मायलेकी पुढे गेल्यावर मी एक पिवळा टॅग मणीच्या जाळीला तारेने घट्ट बांधला. 'होल्ड. तपासणी बाकी.' खाली सही, तारीख. आपण मुलीसाठी केवढं केलं, या विचाराने मला घरी येईपर्यंत भरून येत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी निवाऱ्याच्या रंजनीबाई घर बघायला आल्या. त्या तमिळमधून विचारत, अदिती माझ्यासाठी मराठी करी. गॅलरीची जाळी, पाण्याची जागा, दिवसा घरी कोण, सगळं झालं. मग त्यांनी अदितीने भरलेला फॉर्म काढला. तो तमिळमध्ये होता, म्हणजे घरातला कागद मी आयुष्यात पहिल्यांदा न तपासता जाऊ दिला होता. त्यांनी एक प्रश्न आणि त्याचं उत्तर मोठ्याने वाचलं. अदिती खाली बघून नखं खरवडत बसली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

शेवटी नीलमने सांगितलं. "घरात कुणाचा विरोध आहे का, असा प्रश्न आहे. तिने लिहिलंय, विरोध कुणाचाच नाही. बाबा फक्त सांगत नाहीत."

मी हसलो. हसणारा मी एकटाच होतो.

मग रंजनीबाईंनी पर्समधून माझा पिवळा टॅग काढून टेबलावर ठेवला. निवाऱ्यात काम करणाऱ्या आमच्या मुलांना वाटलं डॉक्टरांनी बांधलाय, त्या म्हणाल्या. गुरुवारी एक कुटुंब आलं होतं. त्यांना मणीच आवडला होता. टॅग वाचून त्यांनी विचारलं, याच्यात काय खराबी आहे? आणि ते दुसरं पिल्लू घेऊन गेले.

हेही नीलमनेच सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या कुत्र्यात मला एकही खरा दोष सापडला नव्हता, त्याला मी स्वतःच्या सहीने सदोष ठरवलं होतं. वर मुलीच्या नजरेला नजर देता येईना. ती चिडेल असं वाटलं होतं. ती नुसतीच म्हणाली, "म्हणजे मणी अजून तिथेच आहे?" पण हे तिने आईला विचारलं. मला नाही.

"आपण आजच आणू या," मी म्हणालो. "आत्ता. मी रिक्षा बोलावतो."

नीलमने ते तमिळमध्ये सांगितलं. रंजनीबाईंनी मान हलवली. आज नाही. घर चांगलं आहे, मुलगी चांगली आहे, पण तुमच्याबद्दल आम्हाला जरा विचार करावा लागेल. मंगळवारी कळवू.

ते दोन दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. सोमवारी मी फोन चार्जिंगला लावला आणि शेजारीच उभा राहिलो. माझ्यात काय कमी असेल याची यादी करायला घेतली. मागचं पान लागल्यावर थांबलो.

मंगळवारी अकराच्या सुमाराला फोन आला. रंजनीबाई माझ्यासाठी अगदी सावकाश इंग्रजीत बोलल्या. संध्याकाळी या, मणीला घेऊन जा. मी कारखान्यात सगळ्यांदेखत डोळे पुसले आणि घरी फोन लावला. शाळेला सुट्टी होती, अदितीनेच उचलला.

"मणी आज येतोय," मी म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "बाबा, नक्की ना? की पाहू?"

"नक्की."

फोन सोफ्यावर पडल्याचा आवाज आला. लांबून तिची आरोळी ऐकू आली, "अम्मा! मणी वराऽन!"

अकरा वर्षांत तमिळ आलं नाही. पण तेवढं समजलं.