सव्वा मैल खोल

मी एक जुनी दगडी वाट आहे. मित्रांनो, माझ्यावर पाऊल टाकलेला माणूस आजपर्यंत कधी चुकलेला नाही. आंधळा म्हातारा, पिऊन आलेला गडी, नवीन सून, दावं तोडून पळालेलं शिंगरू, सगळी सरळ घरी पोचली. आणि जेव्हा सरकारी माणूस पहिल्यांदा माझी पाहणी करायला आला, तेव्हा तो माझ्या मधोमध उभा राहून दुपारपर्यंत मला शोधत होता.

तेव्हापासून मी कुणावर भरवसा ठेवत नाही. तुमच्यावरही नाही. पण ऐकायला बसलाच आहात, तर सांगते.

पिशोरच्या बाजारापासून दोन कोसावर एक डोंगर आहे. निजामाच्या राज्यात त्या डोंगराच्या माथ्यावर एका जहागीरदाराची संत्र्यांची बाग होती. बागेत मजूर म्हणून धनगरांची वीस-बावीस घरं राबायची. संत्र्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा आणि खाली बैलगाडीत भरायच्या. पाय घसरला की पाटी गडगडत जायची, मागनं माणूस जायचा. जहागीरदाराला संत्र्यांचं फार वाईट वाटायचं. म्हणून हुकूम निघाला, की उन्हाळ्यात बागेला काम नसतं, तेव्हा मजुरांनी वाट बांधायची.

दोन उन्हाळे गेले. डोंगराचाच काळा दगड फोडला आणि चुन्याशिवाय एकात एक अडकवला. सोनाजी नावाचा माणूस दगड बसवायचा. त्याची सहा वर्षांची पोरगी सांदीत घालायला चिपा आणून द्यायची. तिचं नाव दगडाबाई. मला लई दिवस वाटायचं, तिचं नाव माझ्यावरूनच ठेवलं. मग कळलं, तिच्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून ठेवलं होतं.

काम झाल्यावर जहागीरदार स्वतः बघायला आले. वर बघून "वाह" म्हणाले आणि संत्र्याच्या सालीवरून घसरून खाली बसले. हसणं परवडणारं नव्हतं, म्हणून सोबतच्या मुनीमजींनी मान खाली घातली आणि घाईघाईनं उर्दूत माझी नोंद लिहून टाकली. मजुरांची राह. तूल, म्हणजे लांबी, सव्वा मैल. रुंदी सहा फूट. कुणाच्या नावानं मी ओळखली जाणार हे ऐकून मला बरं वाटलं. पण मुनीमजींचं अक्षर त्या दिवशी थरथरत होतं, हे मी तेव्हाच ध्यानात ठेवायला पाहिजे होतं.

पुढं पोलीस ॲक्शन झाली. जहागीरदार गेले, बाग वाळली, मजूर मात्र वरच राहिले. शेळ्या-मेंढ्या पाळल्या, दुसऱ्याच्या रानात गेले. दूध, लोकर, नवरी, मयत, जे काय खाली जायचं ते माझ्यावरूनच जायचं. माझ्या अंगाखालची जमीन नानासाहेबांच्या नावावर झाली. नानासाहेब म्हणजे खालच्या गावातले मोठे बागायतदार. येता-जाता मला बघून हसायचे. विनाकारण हसणाऱ्या माणसाचा नांगर बघावा. दर पेरणीला तो एका तासानं, म्हणजे एका रेघेनं, माझ्याकडं सरकायचा. सहा फुटांची मी दोन फुटांवर आले.

इकडं कचेरीत सगळे उर्दू कागद मराठीत उतरवले. त्यात माझं काय झालं, ते मला लई वर्षं कळलंच नाही. दुष्काळात वस्तीनं विहिरीसाठी अर्ज केला, तर उत्तर आलं, की तालुक्यातली सगळ्यात खोल विहीर तुमच्याकडंच आहे, आधी तिचं पाणी संपवा. वस्तीला वाटलं, सरकार चेष्टा करतंय. मला तेव्हाच वास आला होता.

आणि एका चैत्रात नानासाहेबांनी माझ्या तोंडावर बोराटीचं कुंपण घातलं.

आता खाली जायचं तर ओढ्यानं तीन कोसांचा वळसा. चैत्रात चालतंय. पण श्रावणात ओढा भरला की वस्ती बेट होते. आणि दगडाबाईची जाऊ राजाबाई हिला श्रावणातच दिवस भरणार होते. तिचं पहिलं लेकरू आडवं आलं होतं. सुईणीनं बजावलं होतं, की या खेपेला घरी ठेवू नका, वेळेत पिशोरच्या दवाखान्यात न्या. दगडाबाई आता चौतिशीची होती, बोलायला खडखडीत. ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली. नानासाहेबांनी खिशातनं सातबाराचा उतारा काढला.

"दगडाबाई, नीट बघ. कागदावर हितं वाट नाय, विहीर हाय. विहिरीवरनं कुणी चालत असतंय व्हय?"

"विहीर हाय तर मालक, तुमच्या म्हशींना पाणी हितंच पाजत जावा की," दगडाबाई म्हणाली आणि कचेरीत अर्ज देऊन आली.

अर्जावरून त्रिंबक तलाठी पाहणीला आले. माणूस वाईट नव्हता, पण डोळे कायम रजिस्टरात. नोंद अशी होती: विहीर एक, रुंदी सहा फूट, खोली सव्वा मैल. मूळ कागदात 'लांबी' होतं. पण विहिरीला लांबी कशी असेल, म्हणून मराठीत उतरवणाऱ्या शहाण्यानं तेही सुधारून घेतलं होतं. सव्वा मैलाचा दोर गावात नव्हता. कोतवाल पुंजारामानं तीन मोटांचे नाडे एकाला एक बांधून खांद्यावर घेतले होते. कुंपण तेवढ्यापुरतं बाजूला केलं. तलाठी पुढं, कोतवाल मागं, नानासाहेब हसत, दगडाबाई पदर खोचून. अशी ही वरात माझ्यावरून खालनं वर गेली. दोनदा पुंजाराम नाड्यात पाय अडकून पडला. माथ्यावर पोचल्यावर तलाठ्यांनी घाम पुसला आणि विहीर सापडत नाही म्हणाले.

"भाऊसाहेब, सकाळपासनं तुम्ही विहिरीतनंच चालताय," दगडाबाई म्हणाली.

तलाठ्यांनी कागद बघितला. मग पायाखाली बघितलं. आणि दचकून बाजूच्या गवतात उडी मारली.

मला वाटलं, सुटले. पण त्यांनी पंचनाम्यात लिहिलं, विहीर मिळाली, पाणी नाही. नानासाहेबांनी लगेच तोंडी सुचवलं, की कोरडी विहीर धोक्याची, शेळ्या-लेकरं पडतील, आपल्या खर्चानं बुजवतो. महिन्याभराच्या आत माती टाका, अशी परवानगी मिळाली. माणूस स्वतःच्या खर्चानं काही करतो म्हणाला, की माझे दगड थंड पडतात.

दगडाबाईनं मूळ उर्दू कागद मागितला. चार हेलपाटे घातल्यावर मिळाला. तो पदरात बांधून ती औरंगाबादला गेली. शहागंजात अर्ज लिहून देणारे करीमुद्दीन मुन्शी बसायचे. जुन्या दफ्तरातला माणूस. परत आल्यावर ती बोराटीखालून सरपटत आत शिरली आणि माझ्या तिसऱ्या पायरीवर बसून तिनं, वरून सामोरी आलेल्या राजाबाईला सगळं सांगितलं. मी कान देऊन ऐकत होते.

"मुन्शीचाचानं भिंग लावलं गं. म्हणला, अम्मा, ये चाह नै, राह है. चाह म्हंजी विहीर, राह म्हंजी वाट. उर्दूत 'च'खाली तीन टिंबं असतात, 'र'ला नसतात. लिवणाराचा हात हालला, म्हणून अक्षर वाकडं झालं."

"मग त्याच्याखाली ती तीन टिंबं कशाची?" राजाबाईनं विचारलं. "विहिरीचीच असतात म्हणं ती."

"मी बी तेच इचारलं. म्हणला, वो मक्खी की है."

म्हणजे मित्रांनो, एका माशीनं कागदावर बसून आपला विधी केला आणि पंचवीस वर्षं मी विहीर झाले. मला अजून त्या माशीचा संशय आहे. तीनच ठिपके, आणि बरोबर त्याच जागी?

दुसऱ्या दिवशी दगडाबाईनं तलाठ्यांसमोर कागद धरला आणि नखानं खरवडायला सांगितलं. तलाठ्यांनी खरवडलं. टिंबं निघाली. नानासाहेब म्हणाले, माशीच्या साक्षीवर निकाल देणार का? पण तलाठी पांढरेफटक पडले होते. त्यांनी बोट धुतलं, विहीर खोडली, वाट लिहिली, आणि कचेरीचा हुकूम आल्यावर आषाढात बोराटी काढायला लावली. नानासाहेब तेव्हा पहिल्यांदा हसले नाहीत. मला जरा धीर आला.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी ओढा दुथडी भरला आणि त्याच दुपारी राजाबाईला कळा सुरू झाल्या. चार गड्यांनी बाज उचलली. दगडाबाई पुढं, प्रत्येक पायरीवर "हितं जपून, हितं ओल हाय" म्हणत. मी एकही दगड हलू दिला नाही. श्वास धरून होते म्हणा ना. दिवस मावळायच्या आत पिशोरहून सांगावा आला. लेकरू आडवंच होतं, पण सुटली. मुलगी झाली.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. जुन्या वाटेवर चालत जा, ती चालण्यानंच जिवंत राहते. सुटलेला दगड दिसला तर वाकून बसवा. ज्यांनी तो पहिल्यांदा बसवला, त्यांची नावं कुठल्या रजिस्टरात नाहीत. कागद जरूर वाचा, पण मधूनमधून पायाखालीही बघा. तुम्ही हो म्हणताय, पण तुमच्या माना जरा जास्तच भराभर हलतायत.

त्रिंबक तलाठ्यांनी मात्र माशीचा चांगलाच धसका घेतला. पुन्हा बोलणी नकोत, म्हणून त्यांनी गावाचं सगळं जुनं दफ्तर उघडलं. त्यांना उर्दू येत नव्हतं, पण टिंबं मोजता येत होती. जिथं जिथं त्या शब्दाखाली तीन टिंबं दिसली, तिथं तिथं त्यांनी ती माशीची ठरवली. गावातल्या अकरा विहिरी खोडून त्यांनी अकरा रस्ते लिहिले.

भाद्रपदात ते नानासाहेबांच्या रानातल्या रस्त्याची पाहणी करायला, रजिस्टर वाचत, माझ्यापासून दहा पावलांवर गेले आणि नानासाहेबांच्या विहिरीत पडले. पाणी छातीएवढं होतं. रजिस्टर त्यांनी डोक्यावर धरलं होतं, ते कोरडं राहिलं.